जपानी ‘हाय’ म्हणजे ‘हो’ नव्हे



आजचा भाग चंदगडमधून, आमच्या घराच्या माडीवरून रेकॉर्ड करतोय. मागं पत्र्यावर पावसाचा आवाज येत राहील, त्याला इलाज नाही. जुलैत चंदगडचा पाऊस थांबायची वाट बघितली असती, तर हा भाग तुम्हाला थेट दसऱ्याला ऐकायला मिळाला असता.

माझी ओळख थोडक्यात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक, वय अठ्ठावीस. नोकरी पुण्यात, काम जपानी क्लायंटचं. महिन्यातले दोन रविवार गावाकडं येतो आणि इथं अकरा मुलामुलींना जपानी शिकवतो. उरलेले दोन रविवार व्हिडिओ कॉलवर. रेंज असली तर.

‘तीस दिवसांत जपानी बोला’ असलं काही मी आज सांगणार नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की परकी भाषा बोलायला लागतो तेव्हा आपलं अडतं कुठं. माझं स्वतःचं जिथं अडलं, तिथूनच सुरुवात करतो.

मी एन थ्री पास झालो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जपानी भाषेची जी आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे ती 1984 साली सुरू झाली. 2010 पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत. एन फाइव्ह सगळ्यात सोपी, एन वन सगळ्यात अवघड. म्हणजे मी बरोबर मधल्या पायरीवर. घरी पेढे वाटले. ऑफिसमध्ये साहेब म्हणाले, ‘उद्यापासून क्लायंटच्या कॉलवर तू बोलायचंस.’

पहिला कॉल. समोरचे गृहस्थ बोलायला लागले. मी माइक म्यूट केला आणि वही काढून एकेक शब्द टिपायला लागलो. एकदम शिस्तीत. दहा-बारा सेकंदांत ते थांबले आणि म्हणाले, ‘मोशि मोशि? किकोएमास का?’ म्हणजे ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ मी अनम्यूट केलं, ‘हो, येतंय’ म्हणालो, परत म्यूट. ते पुढं बोलले, परत थांबले. ‘मोशि मोशि?’ अर्ध्या तासात असं सहा-सात वेळा झालं. मला वाटलं, त्यांचं नेट खराब आहे. त्यांनाही बहुतेक माझ्याबद्दल तेच वाटलं असणार.

हा किस्सा मी पुण्यातल्या माझ्या सेन्सेइंना सांगितला. सेन्सेइ म्हणजे शिक्षक. माझ्या सेन्सेइ मराठीच आहेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘नेट चांगलं होतं रे. तू हुंकार देत नव्हतास.’

हुंकार! हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आणि डोळ्यांसमोर आली ती आमची आजी.

लहानपणी लाइट गेली की आजी गोष्ट सांगायची. आणि आमच्याकडं पावसाळ्यात लाइट गेली की गेलीच. अंधारात तिला आमची तोंडं दिसायची नाहीत. म्हणून तिची अट एकच. प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबली. ‘अरे, हूं म्हण की! झोपलास काय?’ आम्ही ‘हूं’ म्हणालो की राजा परत घोड्यावर बसायचा.

तो जपानी क्लायंट मला तेच विचारत होता. ‘झोपलास काय?’

जपानीत या हुंकाराला ‘आइझुची’ म्हणतात. शब्दाचं मूळ मजेदार आहे. ते लोहाराकडून आलंय. दोघांनी समोरासमोर उभं राहून, एकाच तापलेल्या लोखंडावर आळीपाळीनं हातोडा मारायचा, तो आइझुची. आपल्याकडं गावात घिसाडी यायचे ते आठवतात का? नवरा सांडशीनं फाळ धरून छोटी हातोडी मारतो, आणि बायको समोर उभी राहून घण घालते. ठण, ठाण. ठण, ठाण. एकाचा ठोका चुकला की लोखंड वाकडं होतं. जपानी माणसाच्या दृष्टीनं बोलणं म्हणजे ते. बोलणारा एक घाव घालतो, ऐकणारा दुसरा.

नोबुको मिझुतानी नावाच्या जपानी भाषाशिक्षणातल्या मोठ्या अभ्यासक आहेत. त्यांनी यासाठी ‘क्योवा’ असा शब्द वापरला. एकानं आपलं म्हणणं पूर्ण करायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं, हा झाला संवादाचा एक प्रकार. क्योवामध्ये एकच वाक्य दोघं मिळून पुढं नेतात. एक अर्धं सोडतो, दुसरा उचलतो.

आता इथं एक धोका आहे, आणि त्यात मी पडलोय. जपानी हुंकारातला सगळ्यात नेहमीचा शब्द म्हणजे ‘हाय’. कोल्हापूरकरांना तर हा घरचाच वाटणार! आपल्याकडं ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. पुस्तकात ‘हाय’ म्हणजे ‘हो’ असं दिलेलं असतं. मी क्लायंटला आमचा प्लॅन सांगत होतो, ते दर वाक्याला ‘हाय… हाय… हाय…’ म्हणत होते. मी खूश. साहेबांना सांगितलं, ‘सगळं मान्य आहे त्यांना.’ प्रत्यक्षात ते फक्त ‘ऐकतोय, ऐकतोय, पुढं बोला’ म्हणत होते. आजीच्या गोष्टीत आम्ही राक्षसाच्या प्रत्येक वाक्यालाही ‘हूं’ म्हणायचो. म्हणून काय आम्ही राक्षसाच्या बाजूचे होतो?

आणि मग आला तो शुक्रवार. डिलिव्हरी बुधवारी द्यायची होती. आमचं काम मागं पडलेलं. मी विचारलं, पुढच्या सोमवारी दिली तर चालेल का? पलीकडून बराच वेळ शांतता. मग श्वास आत ओढल्याचा आवाज. मग, ‘सोओ देस ने… सोरे वा… चोत्तो मुझुकाशिइ कामो शिरेमासेन ने…’ शब्दाला शब्द लावला तर, ‘हं… ते जरा अवघड असू शकेल.’

मी साहेबांना तसंच सांगितलं, ‘जरा अवघड आहे म्हणतायत.’ साहेब म्हणाले, ‘जरा अवघड म्हणजे होतंय की!’ आम्ही सोमवार धरून चाललो. बुधवारी संध्याकाळी अत्यंत नम्र भाषेत मेल आला. आजच्या डिलिव्हरीची आम्ही वाट पाहत आहोत. पुढचे चार दिवस टीममधले सहा जण झोपले नाहीत. एकाच्या बहिणीचा साखरपुडा होता, तो त्याला बघता आला नाही. तो अजूनही मला त्यावरून बोलतो, आणि त्याचं बरोबर आहे.

‘चोत्तो’ म्हणजे ‘थोडं’. पण ‘सोरे वा चोत्तो…’ असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, की त्याचा अर्थ ‘नाही’. तो शब्द मला येत होता, एन फाइव्हलाच येतो. येत नव्हतं ते पुढचं न बोललेलं अर्धं वाक्य.

आता विचार करा, मराठी माणसाला हे कळायला अवघड का जावं? आपण कोणाकडं उसने पैसे मागायला गेलो आणि समोरचा म्हणाला, ‘बघूया…’ तर आपण घरी येऊन काय सांगतो? ‘देत नाहीत.’ ‘बघूया’मध्ये ‘नाही’ कुठंय? कुठंच नाही. पण आवाज, मधला थांबा, नजर चुकवणं, यातून आपल्याला पक्कं कळतं. मला हे सगळं येत होतं. फक्त जपानी बोलताना ते मी घरी ठेवून गेलो होतो. कारण वर्गात शिकताना माझ्या डोक्यात एकच गणित. शब्दकोश अधिक व्याकरण बरोबर भाषा.

यात परीक्षेचाही थोडा हात आहे. या परीक्षेत शब्द आहेत, व्याकरण आहे, वाचन आहे, ऐकणं आहे. सगळं पर्याय निवडायचं. बोलायचा विभागच नाही. म्हणजे एक शब्दही न बोलता माणूस वरच्या पायरीपर्यंत जाऊ शकतो. परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती जे मोजते ते नीट मोजते. पण आपण सर्टिफिकेट बघून समजतो की बोलणंही मोजून झालं.

महाराष्ट्रात जपानी शिकायचं म्हटलं की पुणे. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, खाजगी क्लास तर गल्लोगल्ली. सिंहगड रस्त्यावर जपानी धाटणीची बागही आहे, ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेली. तिला नाव दिलंय पु. ल. देशपांडे उद्यान. पु.लं.नी ‘पूर्वरंग’मध्ये जपानबद्दल लिहिलंय हे अनेकांना माहीत असेल. पण पु.लं.चं घराणं मूळचं आमच्या चंदगड तालुक्यातल्या जंगमहट्टीचं, हे आमच्याकडची माणसं सांगितल्याशिवाय राहत नाहीत. त्या बागेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही उगाच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं होतं.

सांगायचा मुद्दा, पुण्यात शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. पण चंदगडहून कोल्हापूरच शंभर किलोमीटरच्या पुढं, तिथं पुण्याचं काय घेऊन बसलात! इथली मुलं काजू, ऊस, रताळी यांच्यात वाढलेली. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला गोवा. घरात चंदगडी, बाजारात कन्नड कानावर, पाहुण्यांत कोकणी. आणि शाळेत मात्र ऐकायला मिळतं, ‘तुमची भाषा अशुद्ध आहे.’ त्यामुळं माझ्या वर्गात आल्यावर यांना पहिल्यांदा वाटतं, की आपल्याला मराठीच नीट येत नाही, जपानी कुठलं येणार?

मी त्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवतो. घरातून बाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो, ‘इत्तेकिमास’. ‘इत्ते’ म्हणजे जाऊन, ‘किमास’ म्हणजे येतो. जाऊन येतो! आपल्याकडं कोणी ‘जातो’ म्हणालं तर आई ओरडते ना? ‘येतो म्हण!’ आणि घरातला माणूस उत्तर देतो, ‘इत्तेराश्शाय’. जाऊन या. इंग्रजीतून हे समजावायला लांबलचक तळटीप लागते. चंदगडच्या पोराला एक सेकंद लागतो.

तसंच ‘ने’ आणि ‘ना’. ‘सामुइ देस ने’, म्हणजे ‘थंडी आहे ना’. थंडी तुम्हालाही वाजतेय, मलाही वाजतेय, म्हणून ‘ने’. तेच समोरच्याला माहीत नसलेलं सांगायचं असेल तर ‘यो’. आपलं ‘बरं का’, नाहीतर ‘की’. ‘गाडी गेली की!’ इथं ‘ने’ लावलं तर समोरचा गोंधळतो. पुस्तकात यावर पानंच्या पानं असतात. आपण रोज न चुकता वापरतो.

‘करून बघतो’, ‘करून ठेवतो’, ‘खाऊन टाकतो’. या बघणं-ठेवणं-टाकणं यांच्या खुब्या जपानीत जवळजवळ जशाच्या तशा आहेत. ‘शिते मिरु’ म्हणजे करून बघणं, ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणं, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणं. आणि आमच्या भागात मुलीही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, त्यावरून पुण्यात त्यांना हसतात. जपानी क्रियापदाला लिंगच नाही! मुली एकदम खूश.

पण थांबा. सगळंच जुळतं असं समजून गेलात तर परत तोंडावर पडाल. मीही पडलो.

एकदा क्लायंटचा फोन आला आणि त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं. मी माझ्याकडचे सगळ्यात आदराचे शब्द काढले. साहेबांच्या नावापुढं ‘सान’ लावलं, ‘असतात’साठी मानाचं क्रियापद लावलं. पलीकडं क्षणभर शांतता. नंतर सेन्सेइंनी सांगितलं, की बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीचा माणूस, मग तो कितीही मोठा असो, ‘आपल्या घरचा’ असतो. त्याचं नुसतं आडनाव घ्यायचं आणि क्रियापद नम्रतेचं वापरायचं. म्हणजे ‘कुलकर्णी आता जागेवर नाही’ असं. आपल्याकडं सुनेनं पाहुण्यांसमोर सासऱ्यांबद्दल ‘तो बाहेर गेलाय’ म्हणून बघावं! आपला मान त्या माणसाला चिकटलेला असतो, कुठंही जा. जपानीत मान कुणाला द्यायचा हे समोर कोण उभं आहे यावर ठरतं. आतला कोण, बाहेरचा कोण, ही रेघ दर वेळी नव्यानं मारायची. इथं आपलं घरचं ज्ञान आपल्याला फसवतं.

म्हणून मी शिकवताना फळ्यावर दोन रकाने करतो. ‘आपल्यासारखं’ आणि ‘आपल्यासारखं वाटतं, पण नाही’. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा.

वर्गात आम्ही काय करतो ते सांगतो, तुम्हालाही करता येईल. मोबाइल पुरेसा आहे.

पहिला खेळ एक मिनिटाचा. एकानं काल काय केलं ते सांगायचं, दुसऱ्यानं फक्त हुंकार द्यायचा. ‘किनोओ ने’, म्हणजे ‘काल ना’. ‘उन’. ‘बाजारात गेलो ना’. ‘उन’. मित्र असेल तर ‘उन’, मोठं माणूस असेल तर ‘हाय’. नवल वाटलं तर ‘हेए!’ आणि ‘नारुहोदो’, म्हणजे ‘अच्छा, असं होय’, हा मोठ्या माणसाला जपून, कारण त्यात आपण त्याला मार्क देतोय असा सूर येऊ शकतो. हे मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि नंतर ऐकायचं. हुंकार कुठं पडला? वाक्याच्या मधल्या थांब्यावर, की बोलणाऱ्याच्या अंगावर?

दुसरा खेळ. लग्नाचं आमंत्रण आलंय, जायचं नाहीये. ‘नाही’ हा शब्द न वापरता सांगा. आधी मराठीत, मग जपानीत. मराठीतली नाटकं बघून हसून पोट दुखतं. मग तोच थांबा, तोच सूर जपानी वाक्यात घालायचा.

व्याकरण सोडून द्या असं मी म्हणत नाही हं. कांजी पाठ करावीच लागते, त्याला आजीची गोष्ट उपयोगी पडत नाही.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी हा भाग करावासा वाटला ते.

जानेवारी 2021 मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला. त्यातून वृद्धांची काळजी घेणं, शेती, हॉटेल अशा कामांसाठी आपल्याकडची मुलं जपानला जाऊ शकतात. भाषेची परीक्षा लागते, एन फोर किंवा त्याच तोडीची दुसरी, आणि कामाची वेगळी परीक्षा. वृद्धांच्या काळजीच्या कामाला त्या कामातल्या भाषेची आणखी एक परीक्षा असते. माझ्या वर्गातली एक मुलगी त्याची तयारी करतेय. एन फोर झालीय. वडिलांनी तिच्यासाठी कर्ज काढलंय. म्हणजे हा तिच्यासाठी छंद नाही.

एका रविवारी आमचा शब्द होता ‘दाइजोओबु’. अर्थ, ‘ठीक आहे’. पण चहा विचारला आणि समोरचा ‘दाइजोओबु देस’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘नको’. पडलेल्या माणसाला विचारलं तर ‘लागलं नाही’. आणि म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर? मी म्हणालो, तो बऱ्याचदा तुम्हाला त्रास नको म्हणून ‘दाइजोओबु’ म्हणेल. म्हणून ‘बरं आहे ना?’ असं विचारूच नका. ज्याला ‘दाइजोओबु’ हे उत्तर देताच येणार नाही असं विचारा. ‘दोको गा इताइ देस का’, कुठं दुखतंय?

पुढच्या रविवारी ती जरा उशिरा आली. म्हणाली, ‘दादा, आमची आजी पण तेच करती.’ तिची आजी रोज म्हणायची, ‘मला काय धाड भरलीया? तू तुझं बघ.’ तर हिनं त्या आठवड्यात प्रश्न बदलला. ‘आजी, जिना चढताना कुठला पाय आधी टाकतीस?’ आजी थांबली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिने डावा गुडघा सुजलेला. रात्री झोप नाही, भिंतीला टेकून बसून काढायची. घरात सात माणसं, कोणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं.

मग तिनं मला विचारलं, ‘दादा, ही माझी आजी हाय म्हणून मला संशय आला. तिथल्या आजीचं मला कसं कळणार?’

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. थोड्या वेळानं म्हणालो, ‘दाइजोओबु’ म्हणायच्या आधी ती किती थांबली, ते ऐकायचं. पहिले काही महिने चुकशील. पण तुला ते ऐकायची सवय आहे, एवढं नक्की. ती सवय विमानतळावर सोडून जाऊ नकोस.

तर तुम्हाला आजचा गृहपाठ. जपानी शिकत असा नाहीतर जर्मन, आज घरी कोणाशीही पाच मिनिटं बोला, मोबाइल बाजूला ठेवून. हा भाग संपल्यावर ठेवा, आत्ता नको! आपण हुंकार कुठं देतो, ‘नाही’ कसं म्हणतो, आणि घरातलं कोण ‘ठीक आहे’ म्हणताना जरा जास्त थांबतं, तेवढं लक्षात ठेवा. आणि मला व्हॉइस नोट करून कळवा.

पाऊस वाढलाय, लाइट जायच्या आत फाइल अपलोड करतो.

चला, येतो मग.